दिवसभर वाकलेल्या पाठीला आणखी काय वाकवायचं?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका योगशिक्षिकेचं सविस्तर पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून त्याचा सारांश असा. लग्नानंतर गावात आल्यावर त्यांनी नागपूरला जाऊन-येऊन योगशिक्षकाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. गेल्या पावसाळ्यापासून देवळाच्या सभामंडपात पहाटे साडेपाचला त्या बायकांचा वर्ग घेतात. गुरुजींनी शिकवलेला क्रम त्यांनी जसाच्या तसा लावला. आधी प्रार्थना, सांधे मोकळे करणं आणि सूर्यनमस्कार, मग उभी, बैठी, पोटावरची, पाठीवरची आसनं, नंतर प्राणायाम आणि शेवटी शवासन. तासभर कोणी एक शब्द बोलायचा नाही. पहिल्या आठवड्यात सभामंडप भरला, महिन्याभरात निम्म्या बाया गळाल्या. एक दिवस पादहस्तासन घेताना एका काकूंनी तोंडावरच विचारलं, "मॅडम, आमी दिवसभर वावरात वाकूनच रायतो, अजून काहून वाकवता?"

त्यानंतर त्यांनी वर्ग हळूहळू बदलला. आता त्या आधी सगळ्यांना गोल बसवतात, काल काय काम झालं, कुठे दुखतंय ते विचारतात आणि त्यावरून आसनं ठरवतात. सूर्यनमस्कार जवळजवळ बंद. बाया कंटाळतात म्हणून प्राणायाम थोडक्यात उरकतात आणि आसनं चालू असताना मोबाइलवर भजनं लावतात. बाया पुन्हा येऊ लागल्या. पण अभ्यासक्रमातला एक सहकारी वर्ग पाहून गेला आणि म्हणाला, "हा योगवर्ग नाही, बायकांची बैठक आहे. गुरुजींना कळलं तर काय वाटेल?" तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. "मी परंपरा बिघडवते आहे का? कडक होता येत नाही म्हणून ही पळवाट काढली का? माझी स्वतःची पद्धत असावी, एवढी मी मोठी आहे का?" असं त्या विचारतात.

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत. पहिली, गुरुजींनी दिलेला क्रम म्हणजेच परंपरा. दुसरी, त्यात केलेला बदल म्हणजे तुमची मर्जी. सहकारी एक वाक्य बोलून गेला आणि तुम्ही झोप घालवून बसलात, ते या दोन गृहीतकांमुळे. म्हणून आधी तीच तपासू.

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाबद्दल जेमतेम तीन सूत्रं आहेत, दुसऱ्या पादातली 46 ते 48. आसन स्थिर आणि सुखाचं असावं, प्रयत्न सैल पडावा, मग थंडी-ऊन अशा द्वंद्वांचा त्रास होत नाही, एवढाच त्यांचा आशय. एकाही आसनाचं नाव तिथे नाही, मग क्रम कुठला? हठयोगाच्या जुन्या ग्रंथांपैकी हठप्रदीपिकेत 15 आसनं आहेत आणि त्यांतली बरीचशी बैठी. घेरंडसंहितेत ती 32 झाली. आज घरोघरी घालतात ते सूर्यनमस्कार व्यायाम म्हणून महाराष्ट्रभर पसरले ते विसाव्या शतकात, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा ध्यास घेतला तेव्हा. म्हणजे तुम्ही ज्याला मूळ क्रम समजता तो वेगवेगळ्या काळातल्या शिक्षकांनी आपापल्या विद्यार्थ्यांसाठी बसवत आणलेला आहे. म्हणून तो खोटा ठरत नाही. नव्या शिक्षकाला तो फार उपयोगी आहे, काही विसरत नाही आणि शरीर एकदम ताणलं जात नाही. तुम्हीही त्याच्या आधारानेच उभ्या राहिलात.

म्हैसूरचे योगगुरू कृष्णमाचार्य यांचे दोन शिष्य बघा. पट्टाभी जोइस यांनी म्हैसूरला श्वासाच्या मोजणीवर बांधलेला ठरावीक क्रम शिकवला, आज जगभर तो तसाच चालतो. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्याला आले आणि पुढे त्यांनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या हाताशी घेतल्या, म्हणजे म्हाताऱ्याला, आजाऱ्याला, जाड माणसालाही आसनात उभं राहता यावं. गुरू एकच, वर्ग मात्र इतके वेगळे की एकातला विद्यार्थी दुसऱ्यात गोंधळून जाईल. यांतल्या कोणी परंपरा बिघडवली, असं तुमचा सहकारी म्हणेल का?

आणि 21 जूनला आपण सगळे करतो तो क्रम आयुष मंत्रालयाने 2015 च्या पहिल्या योगदिनाच्या वेळी तयार केला. लाखो अनोळखी माणसांनी एकाच वेळी, कोणाला इजा न होता करावा, यासाठी तो आहे. तुमच्यासमोर अनोळखी माणसं नाहीत. तिथे बसलेली प्रत्येक बाई काल कोणाच्या वावरात होती हेही तुम्हाला माहीत असतं. हे माहीत असूनही अनोळखी माणसांसाठी केलेला क्रम रोज चालवायचा, यात कोणती निष्ठा आहे ते मला कळत नाही.

आता त्या काकूंच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही तो तक्रार म्हणून लिहिला आहे. मला तो तुमच्या अभ्यासक्रमातल्या कुठल्याही धड्याइतका मोलाचा वाटतो. निंदण करणारी बाई दिवसातले कितीतरी तास कमरेतून वाकलेली असते. सोयाबीनच्या सोंगणीला तेच. कापूस वेचताना कमरेला ओटी बांधलेली, ती भरत जाते तसा सगळा भार पोटाकडून ओढतो आणि कंबर त्याला मागून तोलत राहते. खांदे पुढे, मान खाली, बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं ओरबाडलेली. अशा पाठीला पहाटे उठल्या उठल्या पादहस्तासन आणि लगेच बसून पुढे वाकायचं पश्चिमोत्तानासन दिलं तर ती विचारणारच. रात्रभर आडवं राहून उठल्यावर मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या असतात, त्या वेळी पुढे वाकणं कमरेला जास्त जड जातं, हे शरीरशास्त्रही सांगतं. काकूंना ते कोणी शिकवलेलं नाही. त्यांच्या कमरेने त्यांना सांगितलं.

मग काय द्यायचं? आधी मार्जारासन, सावकाश, श्वासाबरोबर. पालथं झोपून भुजंगासन, तेही हाताच्या जोरावर न उचलता, कोपरं जमिनीवर ठेवून. भिंतीला पाठ लावून ताडासन, दोन्ही हात वर. कितीजणींचे हात कानापर्यंत पोचत नाहीत ते तुम्हाला लगेच दिसेल. पाय खुर्चीवर किंवा पोत्यांच्या थप्पीवर ठेवून पाठ जमिनीला टेकवणं, हे तर वेचणीच्या दिवसांत रोज द्या. पुढे वाकणं कायमचं बंद करू नका. शरीर तापल्यावर, गुडघे किंचित दुमडून, शेवटाकडे घ्या.

आणखी एक. अभ्यासक्रमात सोपं आणि अवघड यांची जी विभागणी शिकवतात ती शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्या शरीरावरून केलेली असते. मालासन तिथे अवघड. तुमच्या वर्गातली साठीची आजी उकिडवी बसून अर्धा तास भाजी निवडते. तिला मालासन शिकवायची गरजच नाही. उलट त्या बैठकीतून हात न टेकता उठता येतं का, ते बघा. तिचं अवघड वेगळ्या जागी आहे. खांदा आखडलेला असतो, मानेवर वर्षानुवर्षं पाण्याचे गुंड आणि भारे आलेले असतात, आणि श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकलेला असतो.

तेव्हा वर्गाआधीचं ते बोलणं चालू ठेवा. सहकाऱ्याने ज्याला बैठक म्हटलं ती तुमची तपासणी आहे. कोणाचं काय दुखतंय हे न विचारता आसन देणारा शिक्षक मला जास्त धोक्याचा वाटतो. फक्त तिला हद्द घाला. दहा मिनिटं बोलायचं आणि तुम्ही उठून उभ्या राहिलात की बोलणं संपलं, असा नेम करा. बायांना शांत बसता येत नाही, असं तुम्ही एका ठिकाणी लिहिलं आहे. ते मला पटत नाही. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला याच बाया रांगेत ताठ बसतात. बौद्ध विहारात बाया वंदनेला बसतात तेव्हा चिमणीचाही आवाज येत नाही. शांतता त्यांना चांगली ठाऊक आहे. तुमच्या वर्गात ती कधीपासून कधीपर्यंत, हे तुम्ही अजून ठरवून दिलेलं नाही.

इथपर्यंत मी तुमच्या बाजूने बोलले. पण तुमचे सगळेच बदल मला मान्य नाहीत.

मोबाइलवरची भजनं बंद करा. भजनाला माझा विरोध नाही, वर्ग संपल्यावर खुशाल म्हणा. पण आसनात असताना बाईला तिचा स्वतःचा श्वास ऐकू यायला हवा, आणि तुम्हालाही तो ऐकू यायला हवा. कोणाचा श्वास अडकला, कोण दात-ओठ खाऊन जोर लावते आहे, हे डोळ्यांआधी कानाला कळतं. गाण्यात ते बुडून जातं. प्राणायाम उरकण्याचंही तसंच. कंटाळा येतो तो बहुतेक वेळा लांबलचक सूचनांमुळे. पाच मिनिटं साधा अनुलोम-विलोम, कुंभक म्हणजे श्वास रोखणं नाही, आकडे मोजणं नाही, आणि शेवटी भुंग्यासारखा आवाज काढायची भ्रामरी. भ्रामरीचा कंटाळा केलेली बाई मी अजून पाहिलेली नाही.

तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलं आहे की मोठ्या बायांना दुरुस्त करायला तुम्हाला संकोच वाटतो, "सासूच्या वयाच्या, त्यांना कसं सांगू". हा संकोच मला समजतो, गावात सून म्हणून वावरताना तो असणारच. पण तुम्ही वर्ग मऊ केलात त्यातला काही भाग काकूंच्या कमरेसाठी आहे आणि काही भाग या संकोचासाठी. हे दोन तुम्हीच वेगळे करून बघायला हवेत. गुडघा आत पडून वीरभद्रासन करणारी बाई वयाने मोठी म्हणून तिला तसंच सोडलं तर तिचा गुडघा तुमचा मान ठेवणार नाही. "काकू, जरा हात लावू का?" असं विचारा, हो म्हणाल्या तर गुडघ्याला बाहेरून दोन बोटं लावा, एवढ्यावर काम होतं. नाही म्हणाल्या तर स्वतःच्या गुडघ्यावर दाखवा. त्यासाठी समोर उभं राहून प्रत्येक आसन स्वतः करून दाखवणं कमी करावं लागेल. एकदा दाखवा आणि मग बायांमध्ये फिरा. समोरून तुमचं लवचीक शरीर दिसत राहिलं की त्या त्याचीच नक्कल करत ताणत जातात.

आता ज्या बाबतीत तुम्ही हवं तितकं कडक असायला हवं, ते. यात पद्धत तुमची, माझी, गुरुजींची असा भेद नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केलेली पाहणी 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. 650 स्त्रिया तपासल्या, त्यांतल्या 92 टक्क्यांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. ही पाहणी जुनी आहे, पण दुखणं अंगावर काढायची सवय काही गेलेली नाही. तुमच्या वर्गात अंग बाहेर येण्याचा, म्हणजे गर्भाशय खाली सरकण्याचा, त्रास असलेली बाई असू शकते आणि ती ते गोलात बसून कधीच सांगणार नाही. जोरकस कपालभाती आणि नौकासन यांनी पोटातला दाब वाढतो, तो त्रास वाढतो. म्हणून ही दोन्ही सरसकट सगळ्यांकडून करवून घेऊच नका. नव्याने आलेल्या प्रत्येकीशी पहिल्या आठवड्यात एकटीने बोला, घरी जाता जाता, बाकीच्यांपासून दूर. बाळंतपणं किती झाली, पाळी येते का, खोकताना लघवी सुटते का, बीपी-शुगरची गोळी चालू आहे का, ऑपरेशन झालंय का, दिवस गेलेत का. जे कळेल ते एका वहीत लिहा आणि ती वही घरी कपाटात ठेवा. सभामंडपात आणू नका.

बीपी असलेल्या बाईला डोकं खाली जाणारी आसनं, श्वास रोखणं, जोराची कपालभाती नको. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणारी उपाशीपोटी आली तर तिला घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. जवळ साखर किंवा गूळ ठेवा. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. त्या बाईला किंवा मुलीला दमछाक, पाणी कमी पडणं आणि थंडी या तिन्हींपासून जपावं लागतं, त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे गार फरशीवर वेगाने सूर्यनमस्कार तिच्यासाठी नाहीत. आणि कोणी विचारलं, "आता गोळी बंद करू का?" तर उत्तर एकच: ते डॉक्टर ठरवतील. आशाताईंशी ओळख ठेवा, तुम्हाला कळलेलं दुखणं प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत त्यांच्यामार्फत सहज पोचतं.

शवासनाबद्दल थोडं. वर्धा जिल्ह्यातल्या एका वर्गात मी पाहिलं, पहिल्या दिवशी शवासन म्हटल्यावर बहुतेक बायांनी एक हात पदरावर घट्ट धरला होता. चारचौघांत, दिवसाउजेडी, पाठीवर सरळ झोपायची सवयच नाही. घरात तसं झोपलेली बाई आजारी तरी असते नाहीतर आळशी ठरते. डोळे मिटा, शरीर सैल सोडा, असं कितीही म्हटलं तरी तो हात सैल होणार कसा? प्रत्येकीला घरून एक ओढणी किंवा जुनी साडी आणायला सांगा, अंगावर घ्यायला. ज्यांना तरीही अवघडल्यासारखं वाटतं त्या कुशीवर झोपोत, भिंतीकडे तोंड करून. सभामंडपाच्या दाराशी कोणी पुरुष येऊन उभा राहणार नाही, याची जबाबदारी तुमची. वेळ कमी पडला तर आसन एक कमी करा, शवासनाची मिनिटं कापू नका. कित्येकींसाठी दिवसात कोणी काही न मागणारा तेवढाच वेळ असतो.

सभामंडपाचा विषय निघालाच आहे तर एक प्रश्न विचारते, राग मानू नका. वर्गाला "गावातल्या बाया" येतात असं तुम्ही लिहिलंत. कोणत्या मोहल्ल्यातल्या? देवळात वर्ग, सुरुवातीला श्लोक, म्हणजे बौद्ध वस्तीतल्या आणि मुसलमान घरांतल्या बायांना तुम्ही नको म्हटलेलं नसलं तरी त्यांना बोलावणं पोचलेलंही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली किंवा ग्रामपंचायतीचं सभागृह मिळतं का, बघा. प्रार्थनेच्या जागी दोन मिनिटं डोळे मिटून श्वास पाहिला तरी चालतं. ओंकार ज्यांना म्हणायचा त्या म्हणतील. हा बदल परंपरेला धरून आहे का, असा प्रश्न तुमच्या मनात आला तर वरचे पतंजली आणि कृष्णमाचार्य यांच्याबद्दलचे परिच्छेद पुन्हा वाचा.

वेळेचंही तसंच. पहाटे साडेपाचला नळ येतो, चूल पेटते, डबे होतात. ज्या गळाल्या त्या कंटाळल्या होत्या की त्यांच्याकडे पाणी भरायला दुसरं कोणी नव्हतं? बायांनाच विचारा. वर्गाची हजेरी पिकाबरोबर खालीवर होणार हे धरून चाला. निंदणाच्या आणि वेचणीच्या दिवसांत वावरातून आल्यावर, स्वयंपाकाला लागायच्या आधी, अर्ध्या तासाचा वर्ग ठेवा, त्यात पाठ आणि खांदे यांचंच काम. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या वर जातो तेव्हा पहाटच बरी, आणि तेव्हा शेतात काम कमी म्हणून तासभर घेता येईल. सूर्यनमस्कार तेव्हा पुन्हा सुरू करा, ज्यांना झेपतात त्यांच्यासाठी, सावकाश. ते कायमचे सोडून दिलेत तर तरुण मुलींचं नुकसान होईल.

राहिले गुरुजी. सहकाऱ्याने त्यांना काय सांगितलं असेल याचा विचार करत बसण्यापेक्षा तुम्हीच एकदा नागपूरला जाऊन या. सोबत वहीतल्या अडचणी न्या, नावं न घेता. "मी चुकते का?" हा प्रश्न त्यांना विचारू नका, त्याला ते हो किंवा नाही म्हणतील आणि तुम्ही होतात तिथेच राहाल. त्यांना विचारा की वज्रासनात बसता येत नाही अशा बाईला प्राणायामाला कसं बसवायचं. ज्या काकूंचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही त्यांना रोज काय द्यायचं. अंग बाहेर येणाऱ्या बाईला कोणती आसनं चालतील. उत्तरं मिळतील ती लिहून आणा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात करून बघा. आणि त्या सहकाऱ्याला पुढच्या वेळी बोलवाल तेव्हा वेचणीच्या दिवसांतली संध्याकाळ सांगा, वर्गाआधीच्या त्या दहा मिनिटांसकट.